चुकारच्या तीन काचा

४ जून
दुकान

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. उत्तर घरी पाठवू नकोस, दुकानाच्या पत्त्यावर पाठव. फोन तर नकोच. अण्णांची नजर गेली तसे त्यांचे कान इतके तिखट झालेत की मी स्वयंपाकघरात कुजबुजलो तरी बाहेरच्या खोलीतून आवाज येतो, "ताई का? चुकारचं काय म्हणतेय?"

काल डॉक्टर घरी येऊन गेले. मला दाराबाहेर नेऊन म्हणाले, हृदय फार थकलंय, थंडी बघतील असं वाटत नाही. तोवर आत अण्णांनी डॉक्टरांबरोबर आलेल्या नर्सबाईंना पकडून सगळी कथा सुनावली होती. मी आत आलो तेव्हा शेवट चालू होता. "दिवसा लोकांचे पासपोर्टचे फोटो काढायचे आणि रात्री गच्चीवर स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून आकाशाचे. फोटोच्या तीन काचांवर एकच ठिपका, तिन्हींवर वेगळ्या जागी! मोजमापं अशा ठिपक्यांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीला धाडली. उत्तर आलं, नवा आहे. आणि नुसता नवा नाही. मंगळ आणि गुरूच्या मधे हजारो दगडांचा कळप फिरतो, त्यातला नाहीच. कळप सोडून पृथ्वीच्या वाटेकडे आलेला. म्हणून मी त्याला चुकार म्हणतो."

बाईंनी बिचाऱ्यांनी विचारलं, "मग आता कुठे असतो तो?"

"हरवलाय. चाळीस वर्षं झाली. पण काळजी नाही, माझी मुलगी त्याच कचेरीत आहे."

ऐकलंस? काळजी नाही म्हणे. ताई, मला त्या आकाशातलं काही कळत नाही. मी काचा घासतो आणि लोकांच्या नाकावर चढवतो, संपलं. पण एवढं कळतं की चुकार सापडल्याशिवाय त्याला कायमचा नंबर नाही, नंबर नाही तर शोधणाऱ्याला नाव सुचवता येत नाही, आणि अण्णांना मरण्याआधी त्या अर्जावर आईचं नाव लिहून सही करायची आहे. दुसरं त्यांना काही नको. आई असताना हसायची, "माझं नाव दगडाला देणार, आणि तोही हरवलेला!" तिला जाऊन अठरा वर्षं झाली तरी अण्णा त्या वाक्याला अजून उत्तर देत बसतात.

माझ्या दुकानात पाच मिनिटांत नंबर मिळतो, तुमच्याकडे चाळीस वर्षांत मिळेना. काय कारभार आहे!

सोबत खोक्यात त्या तिन्ही काचा आहेत, पाकिटांसकट. अण्णांनी जन्मात पहिल्यांदा हातातून सोडल्या. भिंगांच्या खोक्यात मखमल घालून बांधल्यात, फुटणार नाहीत. तू एकदा नीट बघ.

तुझा,
ठोंब्या


१९ जून
कार्यालय

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

काचा सुखरूप पोचल्या. तुझ्या गाठी सोडवायला मला अर्धा तास लागला; अजून बुटाची नाडी बांधता येत नाही आणि खोकी मात्र अशी बांधतोस.

तुझी समजूत अशी दिसते की मी इथे आकाश बघत बसते. माझ्या खिडकीतून गाड्यांचं पार्किंग दिसतं. जगभरच्या दुर्बिणींनी टिपलेले ठिपके आकड्यांच्या रूपाने माझ्याकडे येतात आणि मी ते निवडते, धान्य निवडावं तसे. जो सूर्याभोवती फिरतो, स्वतःच्या वजनाने गोल झालाय आणि ज्याने आपल्या वाटेवरचं सगळं बाजूला सारलंय, तो ग्रह. असे आठच. गोल झाला पण वाट मोकळी करता आली नाही, तो बटुग्रह. शेपूट फुटलं तर धूमकेतू. उरलेला सगळा चुरा म्हणजे लघुग्रह, आणि ते लाखांनी आहेत. त्यांचे वर्ग पुन्हा ते कुठल्या वाटेने फिरतात यावर ठरतात: मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातले, पृथ्वीजवळ येणारे, नेपच्यूनच्या पलीकडचे.

पहिल्यांदा दिसला की तात्पुरता क्रमांक. बरीच वर्षं पुन्हा पुन्हा सापडला, वाट पक्की झाली, की कायमचा. मग नाव. आणि एकदा दिलेलं नाव बदलत नाही. मधे माझी किंवा अण्णांची इच्छा कुठेच बसत नाही.

मी इथे वीस वर्षं आहे. दर वर्षी चुकारची वाट नव्याने मांडते, तो कुठे असायला हवा ते काढते आणि तिथले फोटो शोधते. दर वर्षी तिथे काहीच नसतं. हे मी अण्णांना कधी सांगितलं नाही. "चालू आहे" म्हणते.

पण मूळ काचा माझ्याकडे कधीच नव्हत्या, एवढं खरं. आता इथल्या यंत्रावर पुन्हा मोजते. पाकिटांवर माझंच अक्षर आहे. अकरा वर्षांची असताना किती ठसठशीत लिहायचे मी! पाच तारीख, नऊ तारीख, तेरा तारीख, खाली वेळ आणि त्याखाली दोन रेघा. अण्णा सगळ्या गिऱ्हाइकांना ते अक्षर दाखवायचे.

अण्णांना आशा लावू नकोस. औषधं वेळेवर दे. वहिनीला म्हणावं, जरा स्वतःकडेही बघ.

ताई


२ जुलै
दुकान

प्रिय ताई,

आशा लावू नकोस म्हणे. त्यांनी ती आपली आपणच लावून घेतली आहे, मी काय करू? काचा तुला पोचल्या एवढंच सांगितलं तर दोन दिवस पोटभर जेवले.

आता त्यांचं नवीन खूळ ऐक. सही. अर्जावर सही वेडीवाकडी आली तर तुमचे लोक काय म्हणतील, याची चिंता. मी दुकानातल्या पुठ्ठ्याला सहीच्या मापाची एक खिडकी कापून दिली. ती कागदावर ठेवायची, डाव्या हाताने लिहायचं, पेन खिडकीबाहेर जात नाही. (तुला आठवतं ना, किती चिडायचे कुणी डावखुरा म्हटलं की!) सकाळी चहा झाला की दहा सह्या. तुझ्या वहिनीने जुन्या कॅलेंडरांची पाठ काढून दिली आहे. परवा एक सही इतकी सुरेख आली की मलाच वाईट वाटलं, त्यांना ती दिसत नाही म्हणून.

आईच्या फोटोकडे तोंड करून बसतात. फोटो कुठे आहे ते दिसत नाही, पण भिंत बरोबर धरतात. काल म्हणाले, "हिचं नाव पाच अक्षरी. नाव सोळा अक्षरांच्या आत हवं, या त्यांच्या नियमात आरामात बसतं. बघ, सगळं आधीच जुळून आलंय."

पायावर सूज आली आहे. डॉक्टरांनी औषध वाढवलं. तू मोजलंस का?

ठोंब्या


२५ जुलै
कार्यालय

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

मोजमाप चालू आहे. अजून सांगण्यासारखं काही नाही.

एक विचारायचं होतं. त्या तिन्ही काचा धुतल्या त्या दिवशी अण्णा घरी होते का? की दुसऱ्या कुणी धुतल्या? तू सात वर्षांचा होतास, पण तुला नको त्या गोष्टी आठवतात, म्हणून विचारते. अण्णांना विचारू नकोस.

सूज उतरली का ते कळव.

ताई


३ ऑगस्ट
दुकान

ताई,

तीन आठवड्यांनी चार ओळींचं पत्र. सूज उतरली नाही. झोपून श्वास घेता येत नाही, खुर्चीत बसून राहतात.

काचा आईने धुतल्या. मला चांगलं आठवतं, कारण त्या दिवशी तिने मला पहिल्यांदा अंधाऱ्या खोलीत घेतलं आणि लाल दिव्याखाली घड्याळ धरायला दिलं. अण्णा शाळांचे वर्गाचे फोटो काढायला दोन दिवस बाहेरगावी गेले होते आणि जाताना सांगून गेले होते की तिन्ही काचा धुऊन ठेव. तू बाहेर तोंड फुगवून बसली होतीस. मैत्रिणींबरोबर पोहायला जायचं होतं आणि आईने आधी पाकिटं लिही म्हणून अडवलं होतं. झालं समाधान? आता या चौकशीचा चुकारशी संबंध काय ते तूच जाण. मला वाटतं तू नुसती वेळ काढते आहेस. तुम्हा लोकांसमोर रोज हजार ठिपके येतात, त्यात बापाचा एक. त्याचं कौतुक ते काय!

म्हणून मी एक केलं. परवा त्यांना फार धाप लागली होती, तेव्हा सांगून टाकलं. "अण्णा, ताईचं पत्र आलंय. चुकार सापडला. नंबर मिळाला."

ते रडले गं. आवाज न करता. आई गेली तेव्हाही रडले नव्हते.

पण थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणतात कसे, "नंबर किती? वाट काय निघाली? सूर्यापासून अंतर, कल किती अंश, फेरा किती वर्षांचा? पत्र वाचून दाखव." मी म्हटलं, पत्र दुकानात राहिलं. झाकली मूठ किती दिवस झाकून ठेवू? तेव्हा तू मला आकडे पाठव. कुठलेही पाठव, तुझ्या कचेरीत काय आकड्यांना तोटा आहे! नंबर मी बनवतो. रागाव, शिव्या दे, पण पाठव.

ठोंब्या


१४ ऑगस्ट
कार्यालय

ठोंब्या,

तू काय करून बसलास! चांगल्या मनाने केलंस हे कळतं, म्हणून तर जास्त राग येतो.

आता ऐक. मी वेळ काढत नव्हते. पहिल्या आठवड्यातच मला सगळं कळलं होतं आणि कसं सांगावं ते कळत नव्हतं.

काचांच्या कोपऱ्यात आणखी एक फिकट ठिपका आहे. तो तेव्हाच्याही आधीपासून ओळखीचा, शंभर वर्षांची नोंद असलेला लघुग्रह. कुठल्या दिवशी तो कुठे होता हे बोट ठेवून सांगता येतं. पाच तारखेच्या पाकिटातल्या काचेवर तो तेरा तारखेच्या जागी आहे, आणि तेराच्या पाकिटातल्या काचेवर पाचच्या. म्हणजे पहिली आणि तिसरी काच एकमेकींच्या पाकिटात गेल्या. मधे चार-चार दिवसांचं सारखं अंतर, त्यामुळे उलट लावल्या तरी चाल बिघडलेली दिसत नाही. एक दिवस जरी मागेपुढे असता तरी तेव्हाच पकडलं गेलं असतं.

पट्ट्यातले लघुग्रह पृथ्वी त्यांना मागे टाकते तेव्हा काही आठवडे पश्चिमेकडे, उलटे सरकताना दिसतात. अण्णांचा पूर्वेकडे चालला होता, म्हणून तो निराळ्या वर्गात घातला गेला. काचा सरळ लावल्या की तो पश्चिमेकडे चालतो. तो चुकार नाही, ठोंब्या. कळपातलाच आहे, लाखांतला एक. वाट चुकीची काढली म्हणून दर वेळी चुकीच्या जागी शोधला.

आणि तो हरवलेला नाही. अण्णांच्यानंतर दोन वर्षांनी दुसऱ्या एका वेधशाळेला सापडला. त्याला नंबर आहे, नाव आहे. तिथल्या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या मुलीचं नाव दिलं. ते आता बदलत नाही. तारखा सरळ असत्या तर पुढच्याच वर्षी तो पुन्हा सापडला असता आणि अण्णांचा ठरला असता.

काचा पाकिटात उलट्या कशा गेल्या, कोण जाणे. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

खोटे आकडे मी लिहून देणार नाही, माझा हात चालणार नाही. खरे देते. सूर्यापासूनचं सरासरी अंतर पृथ्वीच्या २.६१ पट, कल ७.४ अंश, फेरा ४.२ वर्षांचा. अण्णांनी जे पाहिलं त्याचेच हे आकडे आहेत, त्यामुळे वाचून दाखवलेस तर ते खोटं होणार नाही. नंबर आणि नाव मी तुला लिहीत नाही आणि तू विचारू नकोस. कसलाही बनवलेला नंबर सांगू नकोस. म्हणावं, अजून छापून यायचाय.

ताई


६ सप्टेंबर
दुकान

प्रिय ताई,

माझंच चुकलं. तू बरोबर होतीस, पण आकडे पाठवायला नको होते. अण्णांना ओळखायला आपण दोघंही कमी पडलो.

वाचून दाखवले. २.६१ ऐकलं आणि चेहरा पडला. "हा पट्ट्यातला आहे. हा माझा नव्हे. ताईने दुसऱ्याच कुणाला पकडलंय." मग म्हणाले, "तीन भिंगं दे." मी खिशातली तीन दिली. ती त्यांनी टेबलावर ओळीने मांडली, बोटांनी चाचपली, आणि पहिल्याच्या जागी तिसरं ठेवलं. दोन-तीन वेळा केलं ते. पाकिटांची अदलाबदल मी त्यांना सांगितलीच नव्हती, त्यांची त्यांनीच काढली.

"काचा मी नव्हत्या धुतल्या," ते म्हणाले. "तिने धुतल्या होत्या."

स्टुडिओतली मांडणी आठवते ना, धुतलेल्या काचा वाळत लावायची? अण्णा डाव्या हाताचे, उजवीकडून भरत यायचे. उजवीकडची काच पहिली, हे आपल्या घरात मला सात वर्षांच्यालासुद्धा पाठ होतं. आई उजव्या हाताची. तिने डावीकडून लावल्या असणार. तू नेहमीसारखं उजवीकडून पाकिटं लिहिलीस. तुझा यात काय दोष? तुला कोण सांगणार?

मी अण्णांना म्हटलं, एवढीशी गोष्ट, तिला बिचारीला काय माहीत. तर म्हणाले, "वीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहून काम केलं. माहीत नव्हतं? निदान पोरीला सांगायचं तरी. एक शब्द. मी चाळीस वर्षं तिच्या नावासाठी बसून राहिलो आणि ते तिनंच घालवलं."

मग त्यांनी मला फळीवरचं जाडं सूचीपुस्तक काढायला लावलं, नंबर आणि नाव मिळालेल्या लघुग्रहांचं. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच मागवलं होतं. रोज दुपारी दुकान बंद ठेवून मी ओळी वाचत होतो, अंतर, कल, अंतर, कल. पाचव्या दिवशी दोन्ही जुळले. नाव वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, शोधकर्त्याच्या मुलीचं. अण्णा हसले. "काखेत कळसा," म्हणाले. पुढचं बोललेच नाहीत.

त्या संध्याकाळी त्यांनी आईचा फोटो काढायला सांगितला. मी ऐकलं नाही. तर स्वतः उठले, भिंत चाचपत गेले आणि खिळ्यावरून काढून पालथा करून कपाटावर ठेवला. मला वाटलं एक-दोन दिवसांत राग जाईल. दहा दिवस झाले. सह्यांचा पुठ्ठा मागितला आणि मला हे लिहायला लावलं. मी शब्द बदललेला नाही:

"कार्यालयास. माझ्या तीन निरीक्षणांपैकी पहिलीची आणि तिसरीची तारीख परस्पर बदलून घ्यावी. दोष माझ्या स्टुडिओतला आहे. मला दिलेला तात्पुरता क्रमांक रद्द करावा व निरीक्षणं ज्याची आहेत त्याच्या नावे लावावीत."

खाली सही आहे. खिडकीत एकदम सरळ आली आहे. इतक्या दिवसांचा सराव कामाला आला बघ.

जेवण जवळजवळ सुटलंय. तू येऊ शकशील का?

ठोंब्या


१५ सप्टेंबर
कार्यालय

चि. ठोंब्यास,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी दुकान बंद कर, घरी जा आणि अण्णांना मोठ्याने वाचून दाखव. फोनवर सांगावं म्हणून तीनदा नंबर फिरवला आणि तू "हॅलो" म्हणालास की ठेवून दिला. ते फोन माझेच होते. मी भित्री आहे. लिहिताना तरी समोर कुणी नसतं. रजा टाकली आहे, अठ्ठावीसच्या आधी मिळत नाही.

अण्णा, आईने मला सांगितलं होतं.

ती अंधाऱ्या खोलीतून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "डावीकडून लावल्यात गं मी, बघून लिही." मी "हो" म्हटलं. ऐकलंच नव्हतं मी, मला पोहायला जायचं होतं. मैत्रिणी फाटकाशी उभ्या होत्या. उजवीकडून भराभर तिन्ही पाकिटं लिहिली, खाली नेहमीच्या दोन रेघा मारल्या आणि पळाले. आईने सगळं बरोबर केलं होतं. एक शब्द नाही, अख्खं वाक्य बोलली होती ती.

हे मला चाळीस वर्षं ठाऊक होतं असं नाही. जूनमध्ये काचा यंत्राखाली ठेवल्या आणि तो कोपऱ्यातला ठिपका उलटा दिसला तेव्हा तिचा आवाज जसाच्या तसा आठवला. तेव्हापासून लपवते आहे. काचा कुणी धुतल्या ते ठोंब्याला विचारलं, तेही माझी आठवण खोटी ठरावी या आशेने. ठोंब्याला "कोण जाणे" असं लिहिलं ते खोटं होतं. तुम्ही आईवर रागावाल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. मला वाटलं फक्त माझ्यावर रागावाल, आणि तेवढंही मला नको होतं.

आणखी एक आहे. इथल्या तळघरात तुमची जुनी फाइल आहे. त्या वेळी इथल्या एका माणसाला शंका आली होती. त्याने तुम्हाला विचारलं होतं, तारखा उलट तर नाहीत ना? तुमच्या उत्तराचं पत्र आहे. "तारखांबद्दल शंका नसावी. पाकिटं माझ्या मुलीने लिहिली आहेत. ती चुकत नाही."

अण्णा, फोटो परत लावा. तिला काढू नका. मला काढा.

ताई


२७ सप्टेंबर
दुकान

प्रिय ताई,

तुझं पत्र मंगळवारी आलं. अण्णा रविवारी सकाळी गेले. तुला फोन केला तेव्हा पत्र वाटेत होतं, आणि तूही त्याबद्दल बोलली नाहीस. आता कळतंय का ते.

तू उद्या निघते आहेस, हे पत्र तुला परत गेल्यावरच मिळेल, तरी लिहितोय. समोरासमोर हे मला बोलता येणार नाही.

शनिवारी दुपारी ते शुद्धीवर होते. मी म्हटलं, अण्णा, आईचा फोटो लावू का? म्हणाले, "नको." एवढंच. मग म्हणाले, ताईने ते सहीचं पत्र पोचवलं का बघ. आईबद्दल ते "नको" हाच शेवटचा शब्द.

मी काही खोटं बोलायला हवं होतं. एरवी सुचतं मला. त्या दिवशी तुझं पत्र हातात असतं तर वाचून दाखवलं असतं, आणि काय झालं असतं कोण जाणे. कदाचित तुझ्यावर चिडले असते. कदाचित म्हणाले असते, अकरा वर्षांची पोर ती. पण ते आईला तसंच ठेवून गेले, आणि आता त्यात कुणाला काही करता येत नाही.

मी तुझ्यावर रागावलोय का ते मला अजून कळलेलं नाही. सध्या नुसता थकलोय.

फोटो मी परत लावला. खिळा सैल झालाय, सारखा एका बाजूला कलतो. तुझी वहिनी म्हणते दुसरा ठोक. बघू.

गाडीची वेळ फोनवर सांगितलीस, त्या वेळेला स्टेशनवर येतो.

ठोंब्या


१८ नोव्हेंबर
कार्यालय

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

स्टेशनवर तू माझी पिशवी घेतलीस आणि काही विचारलं नाहीस, त्याबद्दल तेव्हा बोलायचं राहिलं. राहू दे.

आज अण्णांचं काम पूर्ण केलं. त्यांची सही लावून. पहिलीची तारीख तिसरीला, तिसरीची पहिलीला. तात्पुरता क्रमांक रद्द झाला. आता चुकार नावाचं काही आकाशात नाही, आणि त्या वर्गातून एक नोंद कमी झाली आहे. अण्णांची तिन्ही निरीक्षणं त्या दुसऱ्याच्या मुलीच्या नावाखाली गेली. त्या यादीत ती सगळ्यांत जुनी आहेत, म्हणून सर्वांत वर दिसतात. त्यांनी वाट थोडी आणखी पक्की होते. किती, तर दशांश चिन्हानंतर आठव्या घरात.

नोंदीत शेवटी दुरुस्तीचं कारण लिहायचा एक रकाना असतो. तिथे मी माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, आईच्या नावासकट, कारण म्हटलं एवढं तरी कुठेतरी राहू दे. तिने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, असं एका ओळीत.

दुपारी आमच्या प्रमुख बाई तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. चांगल्या आहेत स्वभावाने. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "या रकान्यात माणसांची नावं लिहीत नाहीत." मग त्यांनी स्वतःच ते खोडलं आणि वर लिहिलं, "तारखांची अदलाबदल."

ताई